दंडात नळी असलेला माणूस तापाची गोळी मागतो तेव्हा

मा. जिल्हा शल्यचिकित्सक, जालना
यांस,



माझं भोकरदनला औषधांचं दुकान आहे. किमो चालू असलेली, डायलिसिसवर असलेली माणसं आमच्याकडे नेहमी येतात. अलीकडे त्यांच्यातल्या पुष्कळांच्या अंगावर नळी दिसते. कुणाच्या दंडातून शिरून हृदयाजवळच्या मोठ्या शिरेपर्यंत गेलेली पिक लाईन, कुणाच्या छातीच्या कातडीखाली बसवलेला पोर्ट, कुणाच्या गळ्यातून बाहेर आलेली डायलिसिसची दुतोंडी नळी. ही नळी बसते छत्रपती संभाजीनगरला, जालन्याला, कधी पुण्या-मुंबईला. राहते मात्र आमच्या तालुक्यात, धावड्याला, अन्व्याला, पिंपळगाव रेणुकाईला. बसवणारे हात शिकलेले असतात. सांभाळणारे हात कुणाचे, हे कुणी विचारत नाही.

मागणी आधीच सांगून टाकतो. भोकरदनच्या सरकारी रुग्णालयात अशा नळ्या सांभाळण्यासाठी एक स्वच्छ टेबल, ते काम नीट शिकलेल्या दोन सिस्टर, आणि नळी असलेल्या माणसाला ताप आला तर पहिल्या तासात काय करायचं याचा भिंतीवर लावलेला लेखी कागद. नवी इमारत नको, महागडं यंत्र नको. आता हे का हवं ते सविस्तर लिहितो, कारण 'किरकोळ ड्रेसिंगचा प्रश्न' म्हणून ही मागणी बाजूला पडण्याची मला धास्ती आहे.

दुकानात हे असं घडतं. मुलगा मोटरसायकल लावून येतो. "भाऊ, आईला रातपासून थंडी-ताप हाय. गोळी द्या, अन् सलाईनची बाटली बी द्या. नळी हायेच हातात, दुसरी सुई टोचायचं कामच नाही." त्याचं म्हणणं अडाणीपणाचं नाही. किमोने शिरा करपून गेलेल्या असतात, एक सुई लागायला चार ठिकाणी टोचावं लागतं, आणि नळी बसवताना त्याला हेच सांगितलेलं असतं की आता टोचाटोची संपली. त्याला जे सांगितलेलं नसतं, किंवा डिस्चार्जच्या गडबडीत सांगूनही त्याच्या डोक्यात राहिलेलं नसतं, ते हे की ती नळी म्हणजे बाहेरच्या जगातून थेट रक्तात उघडणारा दरवाजा आहे. आणि आईचा ताप त्याच दरवाजातून आत आलेला असू शकतो.

धडधाकट माणसाच्या रक्तात चार जंतू शिरले तर पांढऱ्या पेशी त्यांचा निकाल लावतात. किमोनंतर साधारण दुसऱ्या आठवड्यात या पेशी तळाला जातात. त्यांतल्या न्यूट्रोफिल नावाच्या पेशी एका मायक्रोलिटरला ५००च्या खाली गेल्या की साध्या कातडीवरचे जंतूसुद्धा जीव घेऊ शकतात. मूत्रपिंड निकामी झालेल्यांची, वर्षानुवर्षं मधुमेह असलेल्यांची, स्टेरॉइड घेणाऱ्यांची प्रतिकारशक्तीही कमी-अधिक प्रमाणात अशीच खचलेली असते.

इथे एक गोष्ट मी गिऱ्हाइकांना वारंवार सांगतो आणि ती त्यांना पटायला वेळ लागतो. ते बाही वर करून नळीची जागा दाखवतात: "बघा, लाल नाही, पू नाही, काही नाही." अहो, पू बनतो तोच मुळी मेलेल्या पांढऱ्या पेशींचा. पेशीच नाहीत तर पू कुठून येणार? लाली आणि सूज हीसुद्धा शरीराच्या लढाईचीच चिन्हं, आणि इथे लढणारंच कुणी उरलेलं नसतं. जागा कोरडी आणि गोरीपान दिसत असताना आत रक्तभर जंतू फिरत असतात. अशा रुग्णात ताप हे बऱ्याचदा एकुलतं एक लक्षण असतं, आणि पॅरासिटामॉलची गोळी नेमकं तेच पुसून टाकते. संध्याकाळी बरं वाटतं, रात्री हातपाय गार पडतात, पहाटे रक्तदाब लागत नाही. स्टेरॉइडवर असलेल्याला तर कधीकधी तापही येत नाही. नुसती गळाठलेली, अर्धवट शुद्धीतली माणसं घरचे उचलून आणतात.

जंतू आत जायला दोन वाटा आहेत. नळी नवी असते तेव्हा ते कातडीच्या छिद्रातून नळीच्या बाहेरच्या अंगाने सरकत जातात. नळी जुनी होते, महिना-दोन महिने राहते, तेव्हा मुख्य वाट म्हणजे नळीचं तोंड, जिथे सिरिंज जोडतात ते. दर वेळी ते उघडताना हात कसे होते, बोळा नवा होता की सकाळपासून वाटीत भिजत पडलेला, यावर सगळं ठरतं. एकदा आत गेले की जंतू नळीच्या आतल्या भिंतीला चिकटून स्वतःभोवती एक बुळबुळीत थर उभारतात, धुतली न गेलेली पाण्याची टाकी आतून निसरडी होते तसा. या थरात अँटिबायोटिक नीट पोहोचत नाही. म्हणून असं होतं की इंजेक्शनांचा कोर्स झाला, ताप गेला, आणि आठ दिवसांनी नळीतून पाणी सोडलं तेव्हा पुन्हा हुडहुडी भरली. डायलिसिसच्या रुग्णांकडून ही तक्रार मी अनेकदा ऐकतो: "मशीन सुरू झालं की थंडी वाजते." घरच्यांना वाटतं मशीनचा गारवा असेल. नळीत दबा धरून बसलेले जंतू रक्ताच्या प्रवाहाबरोबर अंगात ढकलले गेल्याची ती खूण असू शकते. 'थंडी कधी वाजते? नळी वापरल्यावर का?' एवढा एक प्रश्न ओपीडीत विचारला गेला तरी निदानाची दिशा बदलेल.

सध्या तो विचारला जात नाही. ताप म्हटलं की आपल्याकडे आधी विडाल चाचणी होते. ती चाचणी किती बेभरवशाची आहे हे आपल्याला मी सांगायला नको, पण तिच्या आधारावर टायफॉइड ठरतो आणि सेफ्ट्रियाक्सोन सुरू होतं. टायफॉइडला ते चालतं. पण स्युडोमोनाससारख्या जंतूपुढे त्याचं काही चालत नाही, आणि किमोच्या रुग्णाला मारणाऱ्यांत हा जंतू पुढे असतो. त्यातून ते इंजेक्शन आणि बाटली दोन्ही जातात त्याच नळीतून. ज्या तोंडातून जंतू आत गेले तेच तोंड रोज दोनदा उघडलं जातं, कधी दवाखान्यात, कधी खाटेवर, खुंटीला बाटली टांगून.

घरातल्या बाकीच्या सवयीही लिहून ठेवतो, कारण संभाजीनगरच्या वॉर्डात बसून त्या दिसत नाहीत. आमच्याकडे पाणी रोज येत नाही. ते ड्रममध्ये साठतं आणि त्याच पाण्याने आंघोळ होते. दंडाला पिशवी न बांधता आंघोळ केली की ड्रेसिंगच्या कडा सुटतात, आत ओल राहते, आणि ओलीत वाढणारे जंतू तिथे घर करतात. मे महिन्यात घामानेच चिकटपट्टी निघते. कुणी मायेने नळीभोवती हळद भरतं, कुणी राजूरच्या गणपतीचा अंगारा लावतं. श्रद्धेबद्दल मला काही म्हणायचं नाही, अंगारा कपाळाला लावावा. आणि काही ठिकाणी सलाईनची एकच बाटली, तिच्या बुचात एक सुई खोचलेली, आणि दिवसभर येईल त्याच्यासाठी त्यातून पाणी ओढलं जातं. एका रुग्णाचे जंतू दहा जणांत वाटण्याचा याहून सोपा मार्ग नाही. नळी धुवायला १० मिलीचीच सिरिंज लागते, कारण लहान सिरिंजने दाब जास्त पडतो आणि पिक लाईन फाटू शकते. हे दुकानात सांगितलं की लोक थक्क होतात, कारण त्यांची समजूत उलटी असते.

पिक लाईनचं ड्रेसिंग आणि धुणं आठवड्याला एकदा तरी करावं लागतं. गॉजचं ड्रेसिंग असेल तर दर दोन दिवसांनी. पोर्टला चारेक आठवड्यांनी. म्हणजे किमो नसलेल्या आठवड्यातही सिल्लोड-फुलंब्री ओलांडून संभाजीनगर गाठायचं, रांगेत बसायचं, दहा मिनिटांचं काम करून परत यायचं. रुग्णाची एक आणि सोबतच्याची एक, अशा दोन मजुऱ्या बुडतात. कापसाची वेचणी किंवा मिरचीचा तोडा चालू असेल तर तो आठवडा चुकतोच. सांचीच्या स्तूपावर भोगवर्धनच्या, म्हणजे आमच्याच गावच्या, माणसांनी दिलेल्या दानाचे लेख कोरलेले आहेत. दोन हजार वर्षांपूर्वी आमची माणसं दान द्यायला तितक्या लांब गेली याचा अभिमान वाटतो. ड्रेसिंग बदलायला जिल्हा ओलांडावा लागतो, याचा वाटत नाही.

आपल्या देशात या संसर्गाचं प्रमाण किती? २०१७ ते २०२४ या काळात ५४ रुग्णालयांतल्या २०० अतिदक्षता विभागांची मोजणी 'लॅन्सेट ग्लोबल हेल्थ'मध्ये २०२५ साली प्रसिद्ध झाली. दर १००० नळी-दिवसांमागे सुमारे ९ संसर्ग. सोप्या भाषेत, १०० माणसांच्या अंगात १० दिवस नळी राहिली तर त्यांतल्या नऊ जणांना रक्तात संसर्ग. सापडलेल्या जंतूंत क्लेबसिएला आणि ॲसिनेटोबॅक्टर आघाडीवर, आणि या दोघांपुढे आपल्याकडची बरीच अँटिबायोटिकं थकलेली आहेत. हे आकडे मोठ्या, मोजणीची शिस्त असलेल्या रुग्णालयांतले. नळी घेऊन घरी गेलेल्यांचा त्यांत समावेश नाही. आमच्या तालुक्यातला माणूस दगावला तर कारण 'कॅन्सर' किंवा 'किडनी' असंच सांगितलं जातं, आणि त्यावर कुणी शंकाही घेत नाही.

याला इलाज नाही असं मात्र नाही. अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात डॉ. पीटर प्रोनोव्होस्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शंभरावर अतिदक्षता विभागांत पाच साध्या गोष्टींचा आग्रह धरला: हात धुणं, नळी घालताना अंगभर निर्जंतुक आच्छादन, क्लोरहेक्सिडिनने कातडी साफ करणं, जांघेतली शीर शक्यतो टाळणं आणि गरज संपली की नळी काढणं. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार तीन महिन्यांत किमान निम्म्या विभागांत हे संसर्ग शून्यावर आले. मला त्यातली सहावी गोष्ट सगळ्यांत मोलाची वाटते: डॉक्टर एखादी पायरी चुकला तर त्याला तिथेच थांबवण्याचा अधिकार सिस्टरला दिला होता. आपल्याकडे ही गोष्ट बोलून दाखवायलाही धीर लागतो. अर्थात मिशिगनची गोष्ट प्रामुख्याने नळी घालतानाच्या शिस्तीची आहे, आणि आमचं दुखणं नळी घातल्यानंतर सुरू होतं. पण धडा तोच, की संसर्ग रोखायला लागतात ते ठरवून दिलेल्या पायऱ्या आणि त्या न चुकवणारी माणसं.

म्हणून पुन्हा मागणीकडे येतो. दोन सिस्टरना संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयात किंवा तिथल्याच शासकीय कॅन्सर रुग्णालयात काही दिवस पाठवा. २०१२पासून ते कॅन्सर रुग्णालय मराठवाड्याचे रुग्ण सांभाळतंय. तिथल्या सिस्टरच्या हाताखाली उभं राहून जे शिकता येईल ते पुस्तकातून येणार नाही. नळीचं तोंड नव्या अल्कोहोलच्या बोळ्याने १५ सेकंद घासायचं आणि सुकू द्यायचं. यातलं 'सुकू द्यायचं' सगळ्यांत जास्त वेळा राहून जातं. ड्रेसिंग निर्जंतुक हातमोज्यांनी करायचं. प्रत्येक रुग्णाला नवी सिरिंज, सलाईनची नवी छोटी कुपी. बाहेर राहिलेल्या नळीची लांबी सेंटिमीटरमध्ये मोजून लिहायची, म्हणजे ती सरकली तर कळेल. आठवड्यातला एक ठरलेला दिवस या कामाला दिला, आणि तो आमच्या आठवडी बाजाराला जोडून ठेवला, तर गावोगावची माणसं आपसूक येतील.

तापाच्या कागदावर फार मजकूर नको. ताप एकदाही १०१ अंश फॅरनहाइट भरला, किंवा १००.४ अंश होऊन तासभर टिकला, तर नळी असलेला रुग्ण केसपेपरच्या रांगेत बसणार नाही. त्याची रक्तपेशींची तपासणी लगेच पाठवायची. रक्ताच्या कल्चरच्या बाटल्या भरायच्या, नळीतून आणि दुसऱ्या हाताच्या शिरेतून, सारख्याच मापाने. नळीतल्या रक्तात जंतू शिरेतल्या रक्तापेक्षा दोन तास किंवा त्याहून आधी वाढले तर दोष नळीचाच असण्याची शक्यता मोठी. त्यावरून नळी काढायची की वाचवायची हे कॅन्सरचे डॉक्टर ठरवू शकतात. बाटल्या भरल्या की लगेच, तासाच्या आत, अँटिबायोटिकचा पहिला डोस. कुठलं औषध, ते संभाजीनगरच्या तज्ज्ञांकडून आधीच लिहून घ्यायचं, रात्री दोन वाजता फोनवर शोधत बसायचं नाही. कल्चरची बाटली संपलेली असेल तर तिच्यासाठी डोस अडवायचा नाही. मग १०८ची रुग्णवाहिका बोलवायची. आज उलटं होतं: रुग्णाला 'मोठ्या दवाखान्यात न्या' म्हणून चिठ्ठी मिळते, गाडी जमवण्यात दोन तास, रस्त्यात दोन तास, आणि पहिला डोस मिळतो तेव्हा बऱ्याचदा तो कामाचा उरलेला नसतो.

या बाटल्यांतले जंतू वाढवून पाहायचे कुठे, हा प्रश्न पूर्वी खरोखर अवघड होता. आता जालन्यात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. ९ ऑक्टोबर २०२४ला त्याचं उद्घाटन झालं. महाविद्यालय म्हटलं की सूक्ष्मजीवशास्त्र विभाग आला. भोकरदनहून जालन्याला रोज एसटी जाते, सरकारी टपाल जातं, नमुने जातात. त्यांत या बाटल्यांचा एक डबा जावा, आणि तो वाटेत कुठल्या फ्रिजमध्ये ठेवला जाऊ नये, कारण थंडीत या बाटल्या बिघडतात. उत्तर दोन-तीन दिवसांनी आलं तरी ते लाखमोलाचं असेल, कारण आज आमच्या तालुक्यात कुठला जंतू माणसं मारतोय याचा कुणालाच पत्ता नाही.

आपल्या कार्यालयातून येऊ शकणारी एक हरकत मला दिसते: दुसऱ्याने, त्यातही खासगी रुग्णालयाने बसवलेली नळी आमच्या सिस्टरने का हाताळावी, काही झालं तर जबाबदारी कुणाची? हरकत खोटी नाही. तिच्यावर तोडगा म्हणजे नळीचं कार्ड. नळी कुठली, कधी बसवली, किती आत, किती बाहेर, कशाने धुवायची, अडचण आली तर रात्रीही उचलला जाणारा फोन कुठला, एवढं कार्डावर असेल तरच रुग्णाला घरी सोडायचं, असा नियम महात्मा फुले जन आरोग्य योजनेतल्या रुग्णालयांना तरी घालता येईल. नळी बसवण्याचा खर्च जिथे योजनेतून निघतो, तिथे कार्डाचा आग्रह धरायला शासनाला संकोच वाटू नये.

डायलिसिसबद्दल थोडं वेगळं म्हणायचंय. गळ्यातली नळी ही तात्पुरती सोय. खरी वाट म्हणजे हातावरच्या फिस्टुलाची, म्हणजे शीर आणि धमनी जोडून केलेल्या जागेची. तो तयार व्हायला काही आठवडे ते महिने लागतात, म्हणून निर्णय लवकर व्हायला हवा. पण आमच्याकडे गळ्यातल्या त्याच नळीवर महिनेच्या महिने काढणारी माणसं आहेत, कारण फिस्टुलासाठी कुठे जायचं, कुणाला भेटायचं हे त्यांना माहीत नाही. जिल्ह्यातल्या डायलिसिस केंद्रांनी गळ्यात नळी असलेल्या रुग्णांची यादी करावी आणि दर महिन्याला त्यातली किती नावं कमी झाली ते पाहावं. माझ्या मते या पत्रातली सगळ्यांत जास्त जीव वाचवणारी सूचना हीच असेल, पण ती भोकरदनच्या टेबलावर होणारी नाही, ती आपल्याच पातळीवर व्हायला हवी.

२०२५च्या केंद्रीय अर्थसंकल्पात पुढच्या तीन वर्षांत सर्व जिल्हा रुग्णालयांत कॅन्सरची डे-केअर केंद्रं उघडण्याची घोषणा झाली. जालन्याला किमो मिळू लागली तर आमच्यासारखा आनंद कुणाला होणार नाही. पण डे-केअर म्हणजे सकाळी किमो आणि संध्याकाळी घर. म्हणजे नळ्या वाढतील, आणि ताप यायचे ते घरीच, रात्रीच, भोकरदनमध्येच येतील. केंद्र उघडण्याआधी हे टेबल आणि हा कागद तयार असावा, एवढी घाई मला त्यासाठी आहे.

राहता राहिलं आम्हा दुकानदारांचं काम. नळी असलेल्या माणसासाठी कुणी तापाची गोळी मागितली तर गोळी न देता थर्मामीटर द्यायचा आणि त्याला थेट रुग्णालयात पाठवायचं, हे तालुक्यातल्या औषध विक्रेत्यांना समजावण्याचं काम मी अंगावर घेतो. १० मिलीच्या सिरिंज, सलाईनच्या छोट्या कुप्या, पारदर्शक ड्रेसिंग, क्लोरहेक्सिडिन हे सगळं तालुक्यात मिळेल एवढंही आम्ही पाहू. फक्त त्या माणसाला रात्री कुठल्या दाराशी पाठवायचं आणि तिथे कुणाचं नाव घ्यायचं, ते आपल्या कार्यालयाने आम्हाला लेखी कळवावं.

आपला,
भोकरदनमधला एक औषध विक्रेता